मराठी गद्यातील लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखा आणि इतिहासलेखन : विशेष संदर्भ नाशिक परिसर

प्रास्ताविक :

कथा-कादंबरीतील एखादे पात्र हे लेखकाच्याच जीवनाचे अथवा विचारांचे वाहक असते, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवी नाही. चार्ल्स डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड आणि जेम्स जॉइसचा स्टीफन डेडॅलस ही त्याची जगप्रसिद्ध उदाहरणे होत. मराठीत साने गुरुजींचा श्याम आणि भालचंद्र नेमाडे यांचा पांडुरंग सांगवीकर ही नावे लगेच आठवतात. प्रस्तुत लेखात अशा पात्रांना 'लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखा' असे संबोधले आहे.

वाङ्मयाचा अभ्यासक अशा पात्राकडे निवेदनतंत्राचा भाग म्हणून पाहतो. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. श्यामच्या तोंडची हकीकत ही पालगडच्या इतिहासाचे साधन मानावी काय? सांगवीकराचे वसतिगृह हे साठच्या दशकातील पुण्याच्या शैक्षणिक इतिहासाचा पुरावा ठरेल काय? या प्रश्नांना सरसकट होकार देणे जसे चुकीचे, तसाच सरसकट नकारही अपुरा आहे. लेखकाचे नाव आणि पात्राचे नाव यांच्यामध्ये जे अंतर राखलेले असते, ते अंतर हीच एक ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ते अंतर कोणाला राखता आले, कोणाला राखावे लागले आणि कोणाला ते मोडावेसे वाटले, याचा शोध घेतल्यास विसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासावर प्रकाश पडतो.

या विवेचनासाठी नाशिक परिसर हे क्षेत्र सोयीचे आहे. ओझर हे निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव. येथून सुमारे वीस किलोमीटरवर नाशिक शहर आहे. त्या शहराच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली, त्याच शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला आणि तेथील नाशिकरोड भागाला लागून असलेल्या विहितगावात बाबूराव बागूल यांचा जन्म झाला. लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखेच्या इतिहासातील निर्णायक टप्पे एका जिल्ह्याच्या परिघात असे जवळजवळ आलेले आहेत.

जीवनाचा प्रतिनिधी आणि विचाराचा प्रतिनिधी :

लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखेचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारात पात्र लेखकाच्या आयुष्यातील घटना, स्थळे व नातीगोती वाहून नेते. दुसऱ्या प्रकारात पात्राचे आयुष्य लेखकाच्या आयुष्याशी जुळत नाही, परंतु त्याचे विचार, आदर्श व आक्षेप हे लेखकाचेच असतात.

दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण हरी नारायण आपटे यांच्या 'मी' या कादंबरीत सापडते. ही कादंबरी १८९३ ते १८९५ या काळात 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ग्रंथाचे नावच 'मी' असे असले, तरी तो 'मी' हरिभाऊ नव्हेत. तो संन्यस्त वृत्तीने लोककार्याला वाहून घेणारा भावानंद आहे. हरिभाऊंना सुधारणावादी विचारसरणीतून अभिप्रेत असलेला कार्यकर्ता त्यांनी या पात्रात उभा केला. पुढे १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा भावानंदाच्या कल्पनेची आठवण अनेकांना झाली. लेखकाने स्वतः न जगलेले परंतु जगावेसे वाटलेले आयुष्य पात्राला दिले गेले, असे येथे म्हणता येते.

ज्या सुधारणावादी विचारविश्वात हरिभाऊ वावरत होते त्याचे अध्वर्यू न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पात्राचा आडपडदा नाही. लेखिकेचे नाव, पतीचे नाव, घरातील माणसे सर्व उघड आहेत. तथापि ग्रंथाचा केंद्रबिंदू स्वतः लेखिका नसून तिचे पती आहेत आणि शीर्षकातील सर्वनाम 'माझ्या' असे नसून 'आमच्या' असे आहे. स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या स्त्रीलाही स्वतःविषयी लिहिण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीचा आधार घ्यावा लागला, हे त्या काळाचे वास्तव होय.

फ्रेंच समीक्षक फिलिप लेजन यांनी १९७५ साली आत्मचरित्राचे लक्षण सांगताना एका कराराची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि मुख्य व्यक्ती या तिघांचे नाव एकच असेल, तर लेखकाने वाचकाशी सत्यकथनाचा करार केला, असे ते मानतात. या कसोटीनुसार 'श्यामची आई' हे आत्मचरित्र ठरत नाही, कारण लेखक पांडुरंग सदाशिव साने आहेत आणि निवेदक श्याम आहे. परंतु मराठी वाचकाने ते गेली नऊ दशके आत्मचरित्राप्रमाणेच वाचले आहे. या विसंगतीचे स्पष्टीकरण पुस्तकाच्या निर्मितीकाळात शोधावे लागते.

नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी १९३३ :

साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे झाला. १९१७ साली त्यांच्या आई यशोदाबाई निवर्तल्या. तत्त्वज्ञानाचे उच्च शिक्षण घेतल्यानंतर १९२४ ते १९३० या काळात त्यांनी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये अध्यापन केले व तेथील वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी नोकरी सोडली आणि त्यानंतरची वर्षे धुळे, त्रिचनापल्ली व नाशिक येथील तुरुंगांत ये-जा करण्यात गेली.

'श्यामची आई' या पुस्तकाचे लेखन नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटेपर्यंत त्याचा बहुतांश भाग लिहून झाला. उरलेली काही प्रकरणे सुटकेनंतर लिहिली गेली व १९३५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. पाच दिवसांत एवढे लेखन व्हावे, याचा अर्थ हा मजकूर लेखकाच्या मनात आधीपासून तयार होता. प्रश्न उरतो तो असा, की आईच्या आठवणी सांगताना 'मी' ऐवजी 'श्याम' का आला?

याचे उत्तर पुस्तकाच्या रचनेत आहे. श्याम हा आश्रमातील मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. प्रकरणांना क्रमांक नसून 'रात्री' आहेत. सांगणारा एक, ऐकणारे अनेक आणि ठरलेली वेळ, अशी ही कीर्तन-प्रवचनाशी नाते सांगणारी चौकट आहे. या चौकटीचा एक नजीकचा संदर्भ लक्षात घेण्याजोगा आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरवून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. म्हणजेच १९३२ मध्ये जो लेखक दुसऱ्याच्या बोलण्याचा लेखनिक होता, त्याने १९३३ मध्ये एक बोलणारा निर्माण केला आणि स्वतः पुन्हा लेखनिकाच्या जागी बसला. आपण आपली थोरवी सांगत नाही, तर श्याम सांगतो ते उतरवून घेतो, अशी ही विनम्र भूमिका आहे. संकोची स्वभावाच्या आणि सार्वजनिक जीवनात नाव होऊ लागलेल्या सत्याग्रहीला ती मानवणारी होती.

याच सुमारास त्याच तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता आदी तरुण राजबंदी होते. त्यांच्यातील चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि १९३४ साली तो पक्ष स्थापन झाला. नाशिकच्या तुरुंगाचा राजकीय इतिहास लिहिताना या पक्षाचा उल्लेख हमखास होतो. 'श्यामची आई'चा उल्लेख मात्र वाङ्मयाच्या इतिहासात जातो. वस्तुतः या दोन्ही गोष्टी एकाच काळाची अपत्ये आहेत. स्वराज्यानंतरचा समाज कसा असावा, हा दोहोंतील समान प्रश्न होता. एकाने त्याचे उत्तर आर्थिक रचनेत शोधले, दुसऱ्याने घरातील संस्कारात.

तुरुंगाबाहेरचे नाशिक :

'श्यामची आई'मध्ये अस्पृश्यतेविषयीचा एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी वाहणाऱ्या एका वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास आई श्यामला सांगते. देवाला सारीच माणसे प्रिय आहेत, असा आईच्या शिकवणुकीचा आशय आहे. हा प्रसंग पालगडात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घडला, असे मानून तो अनेकदा साने गुरुजींच्या चरित्रात जसाच्या तसा समाविष्ट केला जातो.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे दोन काळ वेगळे केले पाहिजेत : कथनातील काळ आणि कथनाचा काळ. कथनातील काळ सुमारे १९१० चा आहे. कथनाचा काळ फेब्रुवारी १९३३ आहे. सप्टेंबर १९३२ मध्ये महात्मा गांधींचे येरवड्यातील उपोषण व पुणे करार या घटना घडल्या होत्या. गांधीजींच्या 'हरिजन' या साप्ताहिकाचा पहिला अंक ११ फेब्रुवारी १९३३ रोजी निघाला, म्हणजे नेमक्या त्याच पाच दिवसांत, ज्यांत नाशिकच्या तुरुंगात श्याम बोलत होता. अस्पृश्यतेचा प्रश्न त्या वेळी प्रत्येक सत्याग्रहीच्या मनात अग्रभागी होता.

त्याहूनही जवळचा संदर्भ खुद्द नाशिक शहराचा आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. जवळच्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड हे त्याचे स्थानिक आधारस्तंभ होते. हा लढा पुढील काही वर्षे टप्प्याटप्प्याने चालू राहिला. मंदिराचे दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवला येथे बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. 'श्यामची आई'चे प्रकाशन आणि येवल्याची घोषणा या दोन्ही घटना एकाच वर्षातील आहेत.

या पार्श्वभूमीवर आईची भाषा तपासून पाहावी. ती भक्तिपरंपरेतील भाषा आहे. तिच्यात करुणा आहे, ईश्वराची समदृष्टी आहे. परंतु हक्काची परिभाषा नाही. काळारामच्या दरवाजाबाहेर उभे असलेले सत्याग्रही मात्र हक्काची भाषा बोलत होते. साने गुरुजींना १९३३ मध्ये जे म्हणावयाचे होते, ते त्यांनी १९१० मधील आईच्या तोंडून म्हटले. असे करताना त्यांनी आईच्या तोंडी आईला न शोभणारी भाषा घातली नाही, हा लेखकाचा प्रामाणिकपणा होय. मात्र त्यामुळेच या प्रसंगाला मर्यादाही पडली. मोळी वाहणाऱ्या वृद्धेचे स्वतःचे म्हणणे काय होते, हे श्याम सांगू शकत नाही.

ही मर्यादा लेखकाने पुढे कृतीने ओलांडण्याचा प्रयत्न केला. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. श्यामला आईने सांगितलेली गोष्ट चौदा वर्षांनंतर पांडुरंग साने यांनी सार्वजनिक जीवनात अंगीकारली. पात्र हे केवळ लेखकाच्या भूतकाळाचे प्रतिबिंब नसते, ते लेखकावर एक बंधनही घालते, हे येथे दिसून येते. 'धडपडणारा श्याम' आणि 'श्यामचा जीवनविकास' या पुस्तकांतून तो पुढे वाढत गेला, तर 'श्यामची पत्रे'मध्ये तो तरुणांशी राजकीय-सामाजिक विचार बोलू लागला. आरंभी जीवनाचा प्रतिनिधी असलेला श्याम अखेरीस विचाराचा प्रतिनिधी झाला.

१९५३ साली आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' हा चित्रपट काढला आणि पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. २०२३ साली सुजय डहाके यांनी याच विषयावर पुन्हा चित्रपट केला. यामुळे लेखक, पात्र आणि पडद्यावरील मूर्ती असे तीन थर एकमेकांवर चढले. आज सर्वसामान्य मराठी माणसाच्या मनातील साने गुरुजी हे बव्हंशी श्यामवरून घडलेले आहेत. राष्ट्र सेवा दलातील, शेतकरी-कामगार चळवळीतील आणि १९४८ साली 'साधना' साप्ताहिक सुरू करणारे साने गुरुजी त्या मानाने मागे पडले, ही या प्रतिनिधित्वाची दिली गेलेली किंमत होय.

१९३३ चे दुसरे पुस्तक :

'श्यामची आई' तुरुंगात लिहिली जात होती त्याच वर्षी 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाची घुसमट त्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे आली होती. पुस्तकावर मोठे वादळ उठले आणि विभावरी शिरूरकर कोण, याविषयी तर्ककुतर्क झाले. या नावामागे शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या बाळूताई खरे, म्हणजे पुढील काळातील मालती बेडेकर होत्या, हे नंतर उघड झाले.

या दोन पुस्तकांची तुलना उद्बोधक आहे. साने गुरुजींनी मुखपृष्ठावर आपले नाव कायम ठेवून आतील पात्राचे नाव बदलले. बेडेकरांना मुखपृष्ठावरील नावच बदलावे लागले. पुरुष सत्याग्रहीने आईविषयी लिहिताना पात्राचा पडदा हा विनयाचा भाग होता. स्त्रीने स्त्रीच्या इच्छेविषयी लिहिताना पडदा हे संरक्षण होते. लेखिकेचे नाव मुखपृष्ठावर असते, तर प्रत्येक कथेतील प्रत्येक नायिका ही तिचीच प्रतिनिधी मानली गेली असती. वाचकसमाज स्त्रीच्या लेखनात कल्पित पात्र मान्य करावयास तयार नव्हता, असा याचा अर्थ होतो. लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखा ही केवळ लेखकाची निवड नसते. कित्येकदा वाचक ती लेखकावर लादतो.

१९६३ : पांडुरंग सांगवीकर आणि जात चोरणारा 'मी' :

तीस वर्षांनंतर, १९६३ या एकाच वर्षी, मराठी गद्यात दोन 'मी' अवतरले. एक भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' या कादंबरीतील, दुसरा बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाच्या शीर्षककथेतील.

नेमाडे यांचा जन्म १९३८ साली खानदेशातील यावल तालुक्यातील सांगवी येथे झाला. त्यांच्या नायकाचे आडनाव सांगवीकर आहे. खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला, वसतिगृहात राहिलेला, अपयश घेऊन गावी परतलेला पांडुरंग हा लेखकाच्या प्रवासाशी बराच मिळताजुळता आहे. विशेष म्हणजे श्याम व पांडुरंग ही दोन्ही नावे एकाच कृष्ण-विठ्ठल परंपरेतील आहेत, आणि पांडुरंग हे तर साने गुरुजींचे स्वतःचे नाव. परंतु श्याम आणि सांगवीकर यांचे लेखकाशी असलेले नाते परस्परविरुद्ध आहे. श्यामच्या तोंडून लेखक आदराने बोलतो, सांगवीकराच्या तोंडून उपरोधाने. श्याम जे हरवले त्याचे ऋण मानतो, सांगवीकर कोणतेही ऋण मानावयास तयार नाही. आई हे श्यामचे केंद्र आहे, तर वडिलांशी असलेला संघर्ष हे सांगवीकराचे. स्वातंत्र्यानंतर उच्च शिक्षणात आलेल्या ग्रामीण पिढीचा मोहभंग व्यक्त करण्यास हे उपरोधाचे अंतर आवश्यक होते.

नेमाडे यांनी पुढे 'बिढार' (१९७५), 'हूल' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतून चांगदेव पाटील हा नायक उभा केला. तो गावोगावच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकविणारा प्राध्यापक आहे आणि स्वतः नेमाडे यांनीही अनेक ठिकाणी इंग्रजीचे अध्यापन केले होते. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन शिक्षणाचा साठ व सत्तरच्या दशकांत जो विस्तार झाला, त्याचा इतिहास लिहिताना शासकीय अहवाल व विद्यापीठांची वार्षिक वृत्ते ही साधने उपलब्ध असतात. परंतु तात्पुरत्या नेमणुकीवरील अध्यापकाची अस्थिरता, संस्थेतील गटबाजी, जातीची अदृश्य गणिते आणि भाड्याच्या खोलीतील एकाकीपणा यांची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. त्यासाठी चांगदेव पाटील हा साक्षीदार महत्त्वाचा आहे. मात्र त्याच्या साक्षीवरून एखाद्या विशिष्ट संस्थेवर वा व्यक्तीवर बोट ठेवणे हे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. तो मनःस्थितीचा साक्षीदार आहे, घटनेचा नव्हे. २०१० साली आलेल्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ'मधील खंडेराव हा तर पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, लेखकाच्या प्रतिनिधीनेच तेथे उत्खननाचे काम हाती घेतले आहे.

बागूल यांची वाट निराळी आहे. १९३० साली विहितगावात जन्मलेले बागूल लहानपणीच मुंबईस गेले आणि माटुंगा लेबर कॅम्पमध्ये वाढले. उपजीविकेसाठी त्यांनी अनेक नोकऱ्या केल्या. त्यांच्या शीर्षककथेतील 'मी' हा रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण आहे. परक्या गावी राहावयास खोली मिळावी म्हणून तो आपली जात सांगत नाही. जात उघड होते तेव्हा त्याला मारहाण होते. या 'मी'चे आयुष्य आणि बागूल यांचे आयुष्य यांची एकास एक जुळणी करण्याचा मोह टाळला पाहिजे. कथेचे मर्म त्यापुढे आहे. श्यामच्या वा सांगवीकराच्या बाबतीत लेखक नाव बदलतो तो वाङ्मयीन सोयीसाठी. बागूल यांच्या कथेत नाव-गाव लपविणे हाच कथेचा विषय आहे. ज्याला रस्त्यावर, कारखान्यात आणि घरमालकासमोर रोज स्वतःचे प्रतिनिधी-पात्र बनून वावरावे लागते, त्याला कादंबरीतील टोपणनावाची मौज परवडत नाही.

ओझरच्या वाचकाला ही कथा दूरची वाटण्याचे कारण नाही. १९६४ साली येथे मिग विमानांच्या निर्मितीसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि शेतीप्रधान परिसरात औद्योगिक वसाहत आली. अशा वसाहतीत निरनिराळ्या गावांची माणसे एकमेकांना अनोळखी असतात आणि अनोळखी माणसाची ओळख आपल्याकडे आडनावावरून काढली जाते. औद्योगिकीकरणामुळे जात आपोआप विरघळेल, ही त्या दशकातील आशा किती अपुरी होती, हे बागूल यांनी कारखाना येण्याच्या एक वर्ष आधीच लिहून ठेवले होते.

१९७८ : दगडू आणि दया :

दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली 'ग्रंथाली'तर्फे प्रसिद्ध झाले आणि मराठी दलित आत्मकथनांचे युग सुरू झाले. या पुस्तकाची चौकट सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. लेखकाचे मूळ नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतात. म्हणजे येथे कल्पित नाव पात्राला न देता, लेखकाने आपले जन्मनाव पात्राला दिले आहे आणि साहित्यक्षेत्रातील आपले नाव श्रोत्याला. गावकुसाबाहेरच्या घरातील दगडू आणि शिक्षण व लेखन यांमुळे पांढरपेशा जगात पोहोचलेला दया हे एकाच देहातील दोन सामाजिक स्तर आहेत. त्यांच्यातील संवाद हा एका माणसाचा आत्मसंवाद तर आहेच, शिवाय तो स्थलांतर केलेल्या एका संपूर्ण पिढीचा आपल्या मागे राहिलेल्या वस्तीशी झालेला संवाद आहे.

'श्यामची आई' व 'बलुतं' या दोहोंत सांगणारा आणि ऐकणारा अशी चौकट आहे. परंतु श्यामचे श्रोते हे त्याचे चाहते मित्र आहेत, तर दगडूचा श्रोता हा त्याच्यापासून दुरावलेला तो स्वतःच आहे. श्यामला सांगताना धन्यता वाटते, दगडूला सांगताना भीती वाटते आणि दयाला ऐकताना लाज. १९३३ मध्ये मोळी वाहणाऱ्या वृद्धेला जे सांगता आले नव्हते, ते पंचेचाळीस वर्षांनंतर तिच्या नातवंडांच्या पिढीने सांगितले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. यानंतर लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) व बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) ही आत्मकथने आली. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा'मध्ये पुन्हा एकदा नाजा हे घरगुती नाव पुढे येते. घरात हाक मारण्याचे नाव आणि शाळेच्या पटावरचे नाव यांतील अंतर हे दलित स्त्रीच्या शिक्षणप्रवासाचे मोजमापच होय.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने विचार :

वरील उदाहरणांवरून अशा साहित्यकृतींचा साधन म्हणून वापर करताना पाळावयाची काही पथ्ये सांगता येतात. पहिले, कथनातील काळ व कथनाचा काळ यांची स्वतंत्र नोंद करावी. श्यामचे बालपण हे १९१० च्या कोकणाविषयी जेवढे सांगते, तेवढेच १९३३ च्या नाशिकविषयी सांगते. दुसरे, पात्राच्या आयुष्यातील एखादी घटना लेखकाच्या चरित्रात घालण्यापूर्वी पत्रे, दैनंदिनी, शाळेचे दाखले, तुरुंगाच्या नोंदी व समकालीन वृत्तपत्रे यांपैकी किमान एका स्वतंत्र साधनाचा आधार शोधावा. असा आधार न मिळाल्यास ती घटना 'पात्राच्या आयुष्यातील' म्हणूनच नोंदवावी. तिसरे, जे पात्र सांगत नाही त्याचीही दखल घ्यावी. पात्राचे मौन हे कित्येकदा लेखकाच्या सामाजिक स्थानाचे द्योतक असते.

ओझर, निफाड व दिंडोरी परिसरातील महाविद्यालयांना या दृष्टीने मोठी संधी आहे. काळाराम मंदिर, नाशिकरोडचा तुरुंग, विहितगाव, आंबे दिंडोरी आणि येवला ही स्थळे येथून एका दिवसाच्या अंतरात आहेत. पदवी स्तरावर मराठी विभाग 'श्यामची आई' व 'बलुतं' शिकवितो आणि इतिहास विभाग सविनय कायदेभंग व मंदिरप्रवेशाचे लढे शिकवितो. परंतु या दोन तासिका एकमेकींना क्वचितच भेटतात. विद्यार्थ्याने फेब्रुवारी १९३३ मधील पाच दिवसांचे नाशिक एकाच वेळी तुरुंगाच्या आतून आणि मंदिराच्या बाहेरून अभ्यासले, तर त्याला साहित्य व इतिहास या दोन्ही विषयांचे मर्म एकत्र उमगेल.

निष्कर्ष :

१. लेखक-प्रतिनिधी व्यक्तिरेखेचे 'जीवनाचा प्रतिनिधी' व 'विचाराचा प्रतिनिधी' असे दोन प्रकार संभवतात. एकच पात्र एकातून दुसऱ्यात जाऊ शकते, हे श्यामच्या वाटचालीवरून दिसते.

२. लेखकाचे नाव व पात्राचे नाव यांतील अंतराला सामाजिक इतिहास आहे. साने गुरुजींना ते विनयासाठी, नेमाडे यांना उपरोधासाठी उपयोगी पडले. विभावरी शिरूरकरांना ते संरक्षणासाठी मुखपृष्ठावर न्यावे लागले. बागूल यांनी त्यालाच कथाविषय केले आणि दया पवारांनी आपल्याच जन्मनावाकडे परत जाऊन ते मिटविण्याचा प्रयत्न केला.

३. 'श्यामची आई'मधील अस्पृश्यताविषयक प्रसंगाचा अर्थ पुणे करार, 'हरिजन' साप्ताहिक आणि नाशिकचा काळाराम सत्याग्रह या समकालीन संदर्भांत लावला पाहिजे. त्यामुळे पुस्तकाचे मोल कमी होत नाही, उलट त्याचे ऐतिहासिक मूल्य वाढते.

४. अशी पात्रे घटनांचा पुरावा म्हणून दुर्बल, परंतु मनोवृत्तीचा व लेखनकाळाचा पुरावा म्हणून समर्थ असतात. इतिहासकाराने त्यांना साक्षीस बोलवावे, मात्र प्रश्न त्यांच्या योग्यतेचेच विचारावेत.